दिसेनाशी झालेली तबकडी

गेल्या पावसाळ्यांतली गोष्ट. गुरुवार होता, म्हणजे आमच्या भागांतील कारखान्यांच्या सुट्टीचा दिवस. भोसरीस लहानसें वर्कशॉप चालविणारे एक गृहस्थ सायंकाळीं माझ्या चिंचवडच्या घरीं आले. पिशवींत टेबलावर ठेवावयाची साडेतीन इंची हार्ड डिस्क. चाकणच्या मोटार-कारखान्यांना लागणाऱ्या सुट्या भागांचीं बारा वर्षांचीं ड्रॉइंगें त्या एकाच डबींत. दिवसभर गेलेली वीज परत आली, आणि तेव्हांपासून ही डबी एकाहि संगणकाला दिसेना.

“साहेब, सगळें गेलें म्हणायचें का?” त्यांनीं विचारलें.

न दिसणें निराळें आणि जाणें निराळें. अशा डबींत वस्तु दोन असतात : एक प्रत्यक्ष तबकडी, आणि दुसरें तिचें बोलणें यूएसबीच्या मार्गानें संगणकाला समजावून देणारें छोटें सर्किट. त्याला आपण दुभाष्या म्हणूं. दुभाष्या आजारी पडला तर तबकडी धडधाकट असूनहि संगणकाला कांहींच ऐकूं येत नाहीं.

म्हणून आम्हीं बाहेरून आंत जावयाचें ठरविलें. प्रथम केबल बदलली. हा उपाय फार सोपा म्हणून पुष्कळजण तो करीतच नाहींत. मग अ‍ॅडॉप्टर; मल्टिमीटरनें बारा व्होल्ट बरोबर दाखविले. (खिशांत मावणाऱ्या डिस्कला अ‍ॅडॉप्टर नसतो, ती संगणकाकडूनच वीज घेते. यूएसबी २.० ची खोबण ५०० मिलिअँपिअर देते, ३.० ची ९००. स्वस्त हबमध्यें ती जोडली तर दिवा लागतो, पण तबकडी फिरत नाहीं.) विंडोजचें ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडलें. डिस्क तेथें असून तिला नुसतें अक्षर मिळालेलें नसतें, असेंहि घडतें. पण आमच्या यादींत तिचें नांवहि नव्हतें.

मग कान लावला. मंद, एकसारखी घरघर. मला हायसें वाटलें. टक्‌टक्‌ असा आवाज आला असता, तर मीं त्याच क्षणीं वीज काढली असती. वाचणारें हेड तबकडीवरून कांहीं नॅनोमीटर अंतरानें तरंगत असतें. तें एकदां घांसूं लागलें कीं प्रत्येक नव्या प्रयत्नागणिक मजकूर खरवडला जातो. अशी डिस्क निर्धूळ खोलींत काम करणाऱ्या जाणकारांकडेच द्यावी; घरीं झांकण उघडूं नये, आणि फ्रिजमध्यें तर मुळींच ठेवूं नये.

डबी उघडून आंतील डिस्क आम्हीं दुसऱ्या केसिंगमध्यें बसविली. संगणकाला ती दिसली! पण लागलीच प्रश्न आला : फॉर्मॅट करूं काय? गृहस्थांच्या चिरंजीवांचें बोट माउसवर गेलेंच होतें. मीं त्यांचा हात धरला. फॉर्मॅट करणें म्हणजे जुनी अनुक्रमणिका फाडून वही कोरी समजणें. कांहीं डब्यांतला दुभाष्या मजकूर सांकेतिक लिपींत लिहितो; त्यामुळें परक्या केसिंगला ती डिस्क कोरी भासते. खोबण नसलेल्या, दुभाष्या अंगींच जडलेल्या लहान डिस्कना तर असा केसिंगचा बदलहि करतां येत नाहीं.

त्याच नमुन्याची जुनी डबी शोधण्यांत नऊ दिवस गेले. तिचें सर्किट जोडलें, आणि फोल्डरांची यादी पडद्यावर उतरली. गृहस्थ कांहींच बोलले नाहींत. खुर्ची ओढून बसले आणि एकेक ड्रॉइंग उघडून पाहूं लागले.

त्या रात्रीं दोन प्रती निघाल्या. एक वर्कशॉपांत राहिली, दुसरी ते निगडीच्या घरीं घेऊन गेले.