हुंकार कोण देणार?

लहानपणी आमची दादी गोष्ट सांगायची, तेव्हा आम्हा मुलांना एक अट असायची. मध्ये मध्ये 'हं' म्हणत राहायचे. हुंकार थांबला की दादी म्हणायची, "झोपली वाटतं पोरं!" आणि गोष्ट तिथेच थांबायची. सांगणाऱ्याला ऐकणारा लागतो, हे मी तेव्हा शिकलो.

आज हा हुंकार यंत्रही देऊ लागले आहे. सुरुवात तशी जुनी. १९६६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा संगणकाचा प्रोग्रॅम जाहीर केला. आपण लिहिलेले वाक्यच उलटवून तो आपल्याला प्रश्न करी. त्याला कळत काहीच नव्हते. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीबाईंना हे ठाऊक होते. तरीही त्याच्याशी संवाद करताना त्यांनी साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितले! वायझेनबॉम अस्वस्थ झाले. यंत्रावर काय सोपवू नये, यावर १९७६ मध्ये त्यांनी पुस्तकच लिहिले.

जपानमध्ये सोनी कंपनीने १९९९ मध्ये 'आयबो' हा यांत्रिक कुत्रा विकायला काढला. २००६ मध्ये त्याचे उत्पादन थांबले, २०१४ मध्ये कंपनीने दुरुस्तीही थांबवली. मग बंद पडलेल्या आयबोंसाठी कोफुकुजी नावाच्या बौद्ध मंदिरात प्रार्थना होऊ लागल्या. हसू नका. कुत्रा खोटा होता, मालकांचे दुःख खरे होते.

आता असे सोबती मोबाइलमध्ये आले आहेत. रात्री दोन वाजताही ते जागे असतात, कंटाळत नाहीत, रुसत नाहीत. परदेशातल्या मुलाच्या फोनची वाट पाहणारे आजोबा त्यांच्याशी चार शब्द बोलले, तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण काही प्रश्न विचारायलाच हवेत. आजोबांनी सांगितलेले गुज कुठे साठते, कोण वाचते? उद्या कंपनीने दुकान बंद केले, तर त्यांचे काय? आणि सर्वांत अवघड प्रश्न आपल्यालाच आहे. 'त्यांची सोय झाली' म्हणून आपण त्यांचा जिना चढायचे सोडून देणार का?

यंत्राचा हुंकार चुकत नाही, कारण त्याला झोपच येत नाही. आम्ही पोरे मात्र डोळ्यांवरची झोप आवरून 'हं' म्हणायचो. दादीला ते कळायचे. म्हणून तर ती गोष्ट पुढे न्यायची.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)