कागदाची साखळी
(केंद्रसंमेलनात दिलेले भाषण)



वर्गशिक्षक असताना मी अन्नसाखळीचा पाठ फळ्यावर शिकविला होता. ज्वारी, उंदीर, धामण, सर्पगरुड ही नावे मुलांनी घडाघडा म्हणून दाखविली आणि मला समाधान वाटले. दुसऱ्याच दिवशी कुंपणाशी निघालेली धामण त्याच मुलांनी दगडांनी ठेचली. ‘ती गाईचे दूध पिते,’ असे कारण एकाने सांगितले. धामण बिनविषारी व उंदरांची वैरी आहे, हे त्यांच्या वहीत होते, मनात नव्हते. दोष मुलांचा नव्हता, माझ्या पाठाचा होता.

पुढे तो पाठ मी कागद, कात्री व कणकेची खळ घेऊन शिकवू लागलो. त्याची रीत अशी.

वापरलेल्या वह्यांची पाने रंगवून पट्ट्या कापाव्यात. पिवळी कडी सूर्याची. तिच्यात हिरवी ज्वारीची, मग करडी उंदराची, तपकिरी धामणीची आणि शेवटी काळी सर्पगरुडाची. कड्यांवर बाण काढताना मुले बहुधा खाणाऱ्याकडून भक्ष्याकडे काढतात. बाण शक्ती जाते तिकडे, म्हणजे भक्ष्याकडून खाणाऱ्याकडे हवा. हे सांगण्याऐवजी ‘कोण कोणाच्या पोटात गेले?’ असे विचारावे. मूल आपणच बाण फिरविते.

मग साखळी सूर्याच्या कडीने खुंटीला टांगावी आणि एका मुलाने धामणीची कडी कापावी. गरुड खाली पडतो. येथे मात्र थांबू नये. कागदाचा उंदीर होता तसाच लटकत राहतो. शेतात तसे होत नाही. म्हणून विचारावे, ‘आता उंदरांना कोण खाईल?’ त्यानंतर उंदराच्या आणखी चार कड्या ज्वारीच्या कडीत ओवाव्यात आणि दर उंदरामागे ज्वारीच्या कडीची थोडी रुंदी फाडावी. अखेर ती कडी तुटते, सारे उंदीरही खाली येतात, आणि वर्ग गप्प होतो. कारण ज्वारी त्यांच्या घरची असते.

वरच्या वर्गांसाठी एक भर घालावी. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर सरासरीने सुमारे दहावा हिस्साच शक्ती पोचते. ज्वारीसाठी १ मीटरची पट्टी घेतली, तर उंदरासाठी १० सेंटिमीटरची, धामणीसाठी १ सेंटिमीटरची आणि गरुडासाठी अवघी १ मिलिमीटरची. शेवटची पट्टी कापताना कात्री अडखळते. शिकारी पक्षी थोडे का असतात, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

कडी तुटणे हा केवळ वर्गातील खेळ नव्हे. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि १९९० च्या दशकापासून आपल्या देशातील गिधाडे झपाट्याने घटली. २००६ साली जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली. गावातील वृद्धांना गिधाडांचे थवे आठवत असतील. मुलांनी त्यांना जाऊन विचारावे.

शेवटी एक सूचना. साप कोणताही असो, मुलांनी दूर सरावे, हात लावू नये व मोठ्यांना सांगावे. पण दगड उचलू नये. आपल्या शाळेत येईन तेव्हा मी कड्यांची नावे विचारणार नाही. कुंपणाशी धामण निघाली तेव्हा मुलांनी काय केले, एवढेच विचारीन.