प्रभाग समितीतील नागरिकाचे आसन

कासारवाडीच्या लोहमार्गालगतचे गटार तुंबले, तर तक्रार महापालिकेच्या दप्तरी दाखल होते. परंतु अशा तक्रारींचा जेथे विचार व्हावा, त्या प्रभाग समितीत नगरसेवकांसमवेत निर्वाचित नसलेला नागरिकही बसू शकतो, हे फार थोड्यांस ठाऊक असते. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकवस्तीच्या शहरांत या समित्या आवश्यक ठरविल्या; आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ अन्वये प्रभागातील मान्यताप्राप्त समाजसेवी संस्थांमधून जास्तीत जास्त तीन सदस्य नगरसेवक नामनिर्देशित करतात, मात्र त्या सदस्यांचे नाव तेथील मतदारयादीत असावे लागते. अंदाजपत्रकातील प्रभागाच्या खर्चाविषयी आयुक्तांकडे प्रस्ताव जाण्यापूर्वी शिफारस करणे, हा समितीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा अधिकार होय. सेवाभावी कार्यकर्त्यांनी क्षेत्रीय कार्यालयात या नामनिर्देशनाची चौकशी अवश्य करावी.