आकड्यांची घरे भरली म्हणजे



आपण आता अंक वाचू लागलो. एसटीची पाटी वाचतो, दुकानदाराची पावती वाचतो. आज अंकांचीच एक गोष्ट सांगायची आहे. अंकालाही राहायला घर लागते. आणि घर लहान असले, तर मोठा अंक त्यात मावत नाही.

कल्याण स्टेशनाबाहेर घटकाभर उभे राहा. रिक्षा, टेंपो, मोटारी जातात. त्यांच्या पाट्या वाचा. ठाण्याच्या गाडीवर 'एमएच ०४' लिहिलेले असते. कल्याण-डोंबिवलीच्या गाडीवर 'एमएच ०५' असते. त्यापुढे अक्षरे येतात आणि शेवटी जास्तीत जास्त चार अंक. चार घरांत सर्वांत मोठा अंक कोणता बसेल? ९९९९. मग दहा हजारावी गाडी आली, तर तिला नंबर कुठून द्यायचा? म्हणून नंबर संपले की पुढचे अक्षर घेतात आणि पुन्हा १ पासून सुरुवात करतात. घर भरणार हे आधीच ओळखले, म्हणून सोय झाली.

आता आपल्या घरातले विजेचे मीटर बघा. समजा, त्यावर पाच अंकांची घरे आहेत. ९९,९९९ झाले, की पुढे काय? एक लाख लिहायला सहावे घर हवे. ते तर नाही! मग मीटर पुन्हा ००००० दाखवते. मीटर बिघडले असे नव्हे. त्याची घरे भरली, इतकेच.

हीच गोष्ट मुलांच्या खेळातही घडते. मुरबाड-शहापूरकडच्या खेड्यांतही मुले मोबाइलवर खेळ खेळतात. खेळात किती नाणी, किती जीव, कितवी पायरी, आवाज किती मोठा, हे सारे यंत्राच्या आत अंकांनीच लिहिलेले असते. यंत्र हे अंक कसे ठेवते, ते समजून घेऊ. अवघड नाही हो!

बाजारातला मापाडी आठवा. त्याच्याजवळ आठच वजने आहेत असे धरू. १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ किलोची. भाताचे पोते १०० किलो आहे. तो पारड्यात ६४, ३२ आणि ४ ठेवील. झाले १००. या आठ वजनांनी १ पासून पुढचे कोणतेही पुरे किलो तोलता येते. पण सगळी वजने एकदम ठेवली तर बेरीज किती? २५५. त्यापुढे एक किलोही तोलता येणार नाही.

संगणकात वजनांच्या जागी आठ दिवे आहेत असे समजा. दिवा लागला, म्हणजे वजन ठेवले. विझला, म्हणजे ठेवले नाही. सगळे विझलेले असले तर शून्य, सगळे पेटलेले असले तर २५५. यात आणखी एक मिळवायला गेलो, तर नववा दिवा हवा. तो नसला, की आठही दिवे विझतात आणि पुन्हा शून्य येते. उलट, शून्यातून एक काढला तर एकदम २५५ होतात. मीटर ००००० वरून एक घर मागे फिरवले तर ९९९९९ दिसेल ना? तसेच.

१९८० साली जपानात पॅक-मॅन नावाचा खेळ निघाला. त्या काळी यंत्रात जागा फार थोडी असे. म्हणून पायरी मोजायला आठच दिवे ठेवले होते. कोणी खेळत खेळत २५६ व्या पायरीवर पोचला, की अर्धा पडदा वेड्यावाकड्या अक्षरांनी भरून जाई. पुढे खेळताच येईना!

१९८६ साली जपानातच झेल्डा नावाचा खेळ आला. त्यातल्या पैशांना 'रुपी' म्हणतात. करणार्‍यांनी तिथे शहाणपण केले. २५५ रुपी झाले की मोजणी तिथेच थांबते. आणखी मिळाले तरी वाढत नाही, पण शून्यही होत नाही. घर लहानच होते, पण दाराला कडी घातली होती.

मोठ्या घरांचीही हीच गत. २०१४ साली दक्षिण कोरियाच्या साय या गायकाचे एक गाणे यूट्यूबवर इतक्या वेळा पाहिले गेले, की मोजणीचा अंक २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेला. जुन्या घरात एवढाच अंक मावत होता. म्हणून तिथे मोजणीसाठी मोठे घर करावे लागले.

आता एक गंमत ऐका. १९९१ साली अमेरिकेत सिव्हिलायझेशन हा खेळ निघाला. त्यात हिंदुस्थानचे पुढारी म्हणून गांधीजी आहेत. पुढे लोक सांगू लागले, की गांधीजींच्या भांडखोरपणाचा अंक १ होता, त्यातून २ वजा झाले, तो २५५ झाला आणि गांधीजी अणुबाँब टाकू लागले! गोष्ट ऐकायला झकास आहे. पण खेळाचे कर्ते सिड मायर यांनी २०२० साली आपल्या पुस्तकात सांगितले, की असे काही घडलेच नव्हते. हिशेब जुळतो म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. ती तपासावी लागते.

हे सारे आपल्याला कशाला हवे? सांगतो. मागच्या महिन्यात तुमच्या मीटरवर ९९,९८५ होते. या महिन्यात ०००४० आहे. वीज किती जळली? ९९,९८५ पासून एक लाखापर्यंत १५ युनिट, आणि पुढचे ४०. म्हणजे ५५ युनिट. पण कोणी नुसती मोठ्या अंकातून लहान अंकाची वजाबाकी केली, तर ९९,९४५ युनिट येतील! एवढे बिल भरायला गाय-बैल विकले तरी पुरणार नाही.

म्हणून दर महिन्याला मीटरचा अंक वहीत लिहून ठेवा, तारखेसह. बिलावरचे मागील रीडिंग आणि चालू रीडिंग वहीशी ताडून पाहा. जुळले नाही तर घाबरू नका, रागावूही नका. वही घेऊन वीज कार्यालयात जा आणि हिशेब मांडून दाखवा. वही दाखवली, म्हणजे बोलायला आधार मिळतो.

यंत्र मोठे असो की लहान, त्यात अंकाला घरे किती द्यायची, हे माणूसच ठरवतो. तेव्हा नुसता अंक वाचू नका. त्याला घरे किती आहेत, तेही मोजा.