घरचे रान
(वार्षिक संमेलनातील भाषण)



कार्यकारी मंडळाने विषयाचे स्वातंत्र्य दिले, म्हणून आपल्यापैकी पुष्कळांच्या सातबाऱ्यावर असलेल्या, परंतु स्मरणात क्वचितच असणाऱ्या एका ठेवीविषयी बोलण्याचे मी योजिले आहे. ती ठेव म्हणजे घरचे रान.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील जंगलाचा बहुतेक भाग खाजगी मालकीचा आहे. म्हणजे ते राखणे अथवा घालविणे हे पुष्कळ अंशी आपल्याच हाती आहे. आपल्या पूर्वजांनी ते शोभेसाठी राखले नव्हते. ऐनाच्या कवळांनी भाताचा राब भाजला जाई, घराला वासे मिळत, चुलीला सरपण मिळे. घेणे होते, पण मुळावर घाव नव्हता.

तो घाव आमच्या पिढीने घातला, हे मला कबूल केले पाहिजे. वडिलांच्या पश्चात आम्हा चुलतभावांनी सामाईक रान उभेच्या उभे एका ठेकेदारास दिले. त्या कागदावर माझीही सही आहे. वाट्यास आलेले पैसे दोन गणपतींच्या आत संपले. त्या तोडीत पऱ्ह्याकाठचा एक जुना बेहडा गेला. त्याच्या ढोलीत दरवर्षी धनेशाची जोडी वीण घालीत असे.

ऐन, किंजळ, साग यांच्या खोडांना पुन्हा फुटवा येतो. म्हणून काही वर्षांत रान परतल्यासारखे दिसते. परंतु ढोली परतत नाही. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही; त्याला जुनाच वृक्ष लागतो. मादी ढोलीत शिरून दार लिंपून घेते व नर फटीतून उंबर-वडाची फळे भरवितो. तोच पक्षी त्या फळांच्या बिया दूरवर टाकतो. एक वृक्ष पडला की एक घर मोडते आणि एक पेरणारा जातो.

पुढे आम्ही उरलेल्या रानाचे तीन भाग कल्पिले. पहिला लाकडाचा : प्रत्येक खोडावर एक-दोन सरळ फुटवे राखून बाकीचे काढावयाचे, आणि जून झालेले झाडच, तेही १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे परवानगी घेऊन, तोडावयाचे. दुसरा पऱ्ह्याकाठचा : तेथील उंबर, आंबा, बेहडा यांना कुऱ्हाड लावावयाची नाही, वाळलेले झाडही उभे ठेवावयाचे. तिसरा मुलांचा : तेथे गावच्या शाळेतील मुले येतात, झाडे ओळखतात, विणीच्या दिवसांत दुरूनच ढोली पाहतात. त्यांना शिकवितो कोण? मी नव्हे. गुरे राखण्यात व कवळे तोडण्यात ज्यांचे आयुष्य गेले ते गावकरी शिकवितात. खाते आमच्या नावावर आहे. रानाची विद्या त्यांच्यापाशी आहे.

यंदा पुन्हा मागणी आली. आमच्यातील एका भावाच्या घरी मोठे आजारपण होते. त्याला पैशांची खरी निकड होती. त्याला पक्ष्यांच्या गोष्टी सांगणे निर्दयपणाचे झाले असते. आम्ही बाकीच्यांनी वर्गणी करून त्याची गरज भागविली व पुढील लाकडाच्या उत्पन्नातून ती वळती करण्याचे लिहून ठेवले. रान वाचवावयाचे तर प्रथम भाऊ सांभाळला पाहिजे, हा धडा मी त्यातून घेतला.

माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. मुंबई-पुण्यास राहणाऱ्या सहहिस्सेदारांनी रान प्रत्यक्ष पाहिल्यावाचून संमतीपत्रावर सही करू नये. आणि पुढील संमेलनास येताना प्रत्येक कुटुंबाने आपल्या रानातील जुन्या ढोलीदार वृक्षांची यादी आणावी. आपण आपल्या वंशावळी मोठ्या निष्ठेने छापतो. ज्यांच्या सावलीत त्या वंशावळी वाढल्या, त्या वृक्षांचीही एकदा नोंद होऊ द्या.