यंत्राच्या साथीने दहा राग



आज मी आपल्यापुढे एका ध्वनिमुद्रिकेचा विचार मांडणार आहे. १९८२ साली आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी दहा राग वाजवले. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस ही त्यांतली काही ओळखीची नावे. एच. एम. व्ही.ने ती तबकडी काढली. तबला नाही, सारंगी नाही. साथीला आणि वादनाला तीन जपानी यंत्रे, आणि ठेका डिस्कोचा! काही जाणकारांच्या कपाळाला एवढ्यानेच आठी पडेल. तरी माझी विनंती अशी की, निकाल देण्याआधी साक्षीपुरावा पाहावा.

प्रथम यंत्रांची ओळख. ही तिन्ही यंत्रे रोलंड या जपानी कंपनीची. टी. आर. ८०८ हे ठेका धरणारे, टी. बी. ३०३ हे खर्जातली साथ करणारे आणि ज्युपिटर ८ हे स्वरपट्टीचे. यांतले ८०८ हे यंत्र १९८० साली निघाले आणि त्याला प्रथम हाताळणाऱ्यांत तोकियोच्या ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ या मंडळाचे नाव घेतले जाते. होसोनो, साकामोतो आणि ताकाहाशी हे त्यातले तिघे वादक. मार्च १९८१ मधील त्यांच्या ‘बीजीएम’ या ध्वनिमुद्रिकेत हे यंत्र आहे. गंमत अशी की, याच होसोनोंनी हिंदुस्थानचा प्रवास करून १९७८ साली ‘कोचीन मून’ ही ध्वनिमुद्रिका केली. एका न निघालेल्या हिंदी चित्रपटाचे संगीत, अशी तिची कल्पना! जपानी माणूस यंत्रावर आपला देश कल्पीत होता आणि चारच वर्षांनी आपला माणूस त्यांच्या यंत्रांवर आपले राग वाजवीत होता.

आता मुख्य प्रश्न. या वादनात राग उरतो काय? माझे उत्तर असे की, स्वराच्या बाजूने बराच उरतो. ज्युपिटरमध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे; ती पेटीत नाही. त्यामुळे मिंडेची निदान छाया तरी उमटते. ललितातले दोन मध्यम एकापाठोपाठ येतात आणि पंचम वर्ज्य राहतो. मालकंसात ऋषभ-पंचम डोकावत नाहीत. मात्र तोडीचा अतिकोमल गंधार बारा ठरीव सुरांच्या पट्टीत मिळायचा कोठून?

खरी किंमत मोजली ती तालाने. त्रितालात नवव्या मात्रेला काल येतो, डग्गा मिटतो, आणि त्या मिटण्यामुळेच समेची ओढ लागते. डिस्कोच्या ठेक्यात प्रत्येक मात्रेवर सारखाच ठोका! जिथे सगळ्याच मात्रा सम झाल्या, तिथे समेवर येण्याचा आनंद कुठला? राग घरी राहिला, ताल परदेशी गेला.

पण म्हणून यंत्राला शिव्या देण्याचे कारण नाही. पेटीही युरोपातूनच आली. नभोवाणीने १९४० साली तिला बंदी केली, ती सुमारे तीस वर्षे टिकली. तोवर नाट्यसंगीताने तिला घरची करून टाकली होती. वाद्याची जात त्याच्या जन्मावरून नव्हे, त्यावर फिरणाऱ्या बोटांवरून ठरते.

तरीही एक गोष्ट मनाला लागते. चरणजित सिंग हे मूळचे चित्रपटांच्या वाद्यवृंदातले साथीदार. धोबीतलाव, माहीम, वांद्रे इथल्या गोवेकर वादकांनी ज्या वृंदाचे व्हायोलिन आणि ट्रम्पेट सांभाळले, त्याच व्यवसायातले. पडद्यावर संगीतकाराचे नाव येई. या मंडळींचे बहुधा येत नसे. पुढे याच जातीच्या यंत्रांनी पन्नास माणसांचे काम एका माणसाच्या दोन हातांत आणून ठेवले आणि वृंद ओस पडत गेले. जो साथीदार यंत्रावर स्वतंत्र कलाकार झाला, त्याच्याच भाईबंदांचे ताट यंत्राने ओढले! ही तबकडी ऐकताना या दोन्ही गोष्टी एकदम कानी पडल्या पाहिजेत.

त्या काळी ती फारशी खपली नाही. १९८७ साली शिकागोच्या तरुणांची, त्याच ३०३ यंत्रावरची एक तबकडी गाजली, तेव्हा त्यांना मुंबईचा पत्ता नव्हता आणि मुंबईला त्यांचा. २०१० साली एका डच संग्राहकाने सिंगांची ध्वनिमुद्रिका पुन्हा काढली, तेव्हा जगाने डोळे चोळले. सिंग २०१५ साली गेले. निदान म्हातारपणी त्यांना टाळ्या ऐकू आल्या; इतर कितीजणांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

श्रोतेहो, आपल्या या माहिमातच कुठल्या तरी पोटमाळ्यावर एखाद्या साथीदाराचे व्हायोलिन पेटीत पडून असेल, नोटेशनच्या वह्यांना वाळवी लागत असेल. रद्दीवाला येण्यापूर्वी त्या वह्या उघडाव्यात, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कुणी कुठल्या गाण्यात काय वाजवले ते लिहून ठेवावे. आपल्या वादकांची ओळख आपल्याला परदेशी माणसाने करून द्यावी, ही पाळी पुन्हा येऊ नये, एवढेच मागणे मागून मी आपली रजा घेतो.