घरगुती मत्स्यालयाचा पंप: नियंत्रण आणि बिघाड

इटलीतील इव्रेआ येथे 2005 मध्ये आर्डुइनो हा फलक तयार झाला आणि सूक्ष्मनियंत्रक, म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेला लहानसा संगणक, इलेक्ट्रॉनिक्सचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या हौशी माणसाच्याही आवाक्यात आला. मत्स्यालयाचा पंप ठरावीक वेळी चालू-बंद करणारा प्रोग्राम त्यावर थोडक्या ओळींत लिहून होतो. तरीही घरी बांधलेल्या अशा यंत्रणा वारंवार फसतात, आणि त्याचे कारण प्रोग्रामपेक्षा पाणी, वीज व शेवाळ यांतच बहुधा सापडते.

पंप बंद पडला तर केवळ पाणी स्थिरावते असे नाही. माशांच्या विष्ठेतून व श्वसनातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू फिल्टरमधील स्पंजावर वाढतात आणि त्यांना प्राणवायूचा सतत पुरवठा लागतो. 25 अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर 30 अंशांना तो 7.5 मिलिग्रॅमपर्यंत उतरतो. त्यामुळे वीज जाण्याचा काळ आणि उन्हाळा एकत्र आले की माशांच्या जिवावर बेतते.

पहिला अडथळा येतो तो पंपाचा वेग कमी करताना. बाजारात मिळणारे बहुतेक साधे बुडीत पंप समकालिक मोटरवर चालतात. म्हणजे आतील चुंबक विजेच्या वारंवारितेशी पाऊल जुळवून फिरतो आणि 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर दोन ध्रुवांचा चुंबक मिनिटाला 3000 फेरेच घेतो. अशा पंपाला पंख्याचा रेग्युलेटर जोडला तर वेग उतरत नाही. विजेचा दाब एका मर्यादेखाली गेला की चुंबकाचे पाऊल चुकते, तो जागच्या जागी थरथरतो आणि वेटोळे तापू लागते. वेग खरोखर बदलायचा असेल तर त्यासाठी बनवलेला, एकदिश विजेवर चालणारा ब्रशविरहित पंपच घ्यावा लागतो.

दुसरा अडथळा रिलेचा. रिले म्हणजे लहान विद्युतचुंबकाने उघडझाप होणारा स्विच. पंपाच्या वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तोडला की त्यातील चुंबकीय क्षेत्र कोसळते, दाब क्षणभर उसळतो आणि रिलेच्या संपर्कबिंदूंमध्ये ठिणगी पडते. ही ठिणगी दोन प्रकारे नडते. तिच्या विद्युतगोंगाटाने सूक्ष्मनियंत्रक मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आणि संपर्कबिंदू भाजत भाजत कधीतरी एकमेकांना चिकटून बसतात, तेव्हा आज्ञा ‘बंद’ची असूनही पंप चालूच राहतो. रोधक आणि संधारित्र एकसरीत जोडून ती जोडी संपर्कबिंदूंवर बसवली की ठिणगी बरीच शमते. अडकलेला प्रोग्राम ओळखून तो पुन्हा सुरू करणारे पहारेकरी-घड्याळही चिपमध्येच असते, पण चिकटलेला रिले त्याला दिसत नाही.

सर्वांत मोठे नुकसान मात्र वक्रनलिकेमुळे, म्हणजेच सायफनमुळे होते. अनेक मत्स्यालयांत फिल्टरची टाकी खाली असते आणि पंप तेथून पाणी वर चढवतो. पंप थांबताच तीच नळी उलट दिशेने वाहू लागते आणि तिचे वरचे तोंड उघडे पडेपर्यंत पाणी खाली उतरत राहते. वरची टाकी 90 सेंटिमीटर लांब व 40 सेंटिमीटर रुंद असेल, तर पातळीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे 3.6 लिटर पाणी उतरते. नळीचे तोंड 5 सेंटिमीटर बुडालेले असेल तर 18 लिटर. खालची टाकी 60 बाय 30 सेंटिमीटरची असल्यास तिच्यातील पातळी तेवढ्याने 10 सेंटिमीटर चढते, आणि तितकी जागा मोकळी ठेवलेली नसली तर पाणी जमिनीवर येते. उपाय म्हणून नळीला पृष्ठभागालगत छिद्र पाडतात. हवा आत शिरली की वक्रनलिका तुटते. परंतु त्या छिद्रात शेवाळ धरते, एखादी गोगलगाय येऊन बसते, खाऱ्या पाण्याच्या टाकीत तर मिठाचे पापुद्रे जमतात. म्हणून छिद्रावर भिस्त न ठेवता मोकळी जागा राखणे हाच खरा आधार होय.

यंत्रणा स्वतः निकामी झाल्यावर पंप कोणत्या अवस्थेत राहावा, हा प्रश्न बांधणीच्या आरंभीच सोडवला पाहिजे, आणि घरगुती आराखड्यांत नेमका तोच सुटून जातो. मुख्य पंप रिलेच्या अशा टोकाला जोडावा, जे रिलेला वीज नसताना जोडलेले असते. मग नियंत्रक मेला तरी पाणी फिरत राहते. बाष्पीभवनाची भरपाई करणारा पंप मात्र उलट टोकाला जोडावा, कारण तो चालू राहिला तर टाकी ओसंडते आणि समुद्री टाकीची क्षारता घसरते.

एवढे करूनही नियंत्रकाला ठाऊक असते ती फक्त त्याने दिलेली आज्ञा. पाणी वाहते आहे की नाही, हे त्याला निराळे कळवावे लागते. विद्युतप्रवाह मोजून ते निश्चित समजत नाही, कारण चुंबक गाळात अडकला तरी वेटोळे वीज घेतच राहते. त्यापेक्षा खालच्या टाकीत नेहमीच्या पातळीच्या वर एक तरंगता स्विच बसवावा: वीज जावो, तार तुटो वा चुंबक अडको, उतरलेले पाणी तेथे चढणारच. त्याला जोडलेल्या भोंग्याला मात्र स्वतंत्र बॅटरी हवी, आणि पाणी बदलताना तो तरंगता गोळा हाताने एकदा वर उचलून पाहावा.